घराच्या विम्यात वकिलाचा खर्च किती मिळतो? (भिंत पडली, शेजाऱ्यांची नोटीस आली)

शुक्रवारपेठी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शुक्रवार पेठेत आमचं जुनं घर आहे, वडिलांच्या नावावर. मागच्या बाजूची दगडमातीची भिंत या पावसात शेजाऱ्यांच्या पत्र्याच्या शेडवर कोसळली. शेडमध्ये त्यांची मोटारसायकल आणि दुकानाचा माल होता, त्याचं बरंच नुकसान झालं. कुणाला इजा झाली नाही, ही अंबाबाईची कृपा.

आता त्यांच्या वकिलाची नोटीस आलीय. तिच्यात दोन गोष्टी एकत्र घातल्यात. एक, नुकसानीचे साडेतीन लाख द्या. दोन, भिंतीलगतचा बोळ आमच्या मालकीचा आहे, तिथं परत भिंत बांधायची नाही.

घरावर कर्ज काढलं तेव्हा बँकेतून घराचा विमा उतरवला होता आणि तो आम्ही चालू ठेवलाय. त्यावेळी एजंटानं सांगितलं होतं की कोर्टकचेरीचा खर्चही यात येतो. तो खरंच येतो का आणि किती, हे मला समजून घ्यायचंय. शिवाय आमच्या मते भिंत पडली ती पलीकडच्या प्लॉटवर बिल्डरनं बेसमेंटसाठी केलेल्या खोदाईमुळं. त्याच्यावर आम्ही दावा लावला तर त्याचा खर्च विम्यातून मिळेल का?

वडील सत्तरीच्या पुढचे आहेत. नोटीस आल्यापासून त्यांची झोप उडालीय. जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं.

रमणमळा

दादा, काकांना धीर द्या. नोटीस म्हणजे निकाल नव्हे. पॉलिसीचं पहिलं पान, ज्यावर रकमांचा तक्ता असतो, ते काढून इथं लिहा. त्याशिवाय कुणीच नीट सांगू शकणार नाही.

निवृत्त विमाकर्मी

मी सरकारी विमा कंपनीत आगीच्या आणि घराच्या क्लेमवरच नोकरीची बहुतेक वर्षं काढली, म्हणून थोडं लांब लिहितो.

१ एप्रिल २०२१ पासून प्रत्येक जनरल विमा कंपनीला ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते. बँकेतून घेतलेला घरविमा आता बहुधा हाच असतो. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, जमीन खचणं, दंगल, टाकी किंवा पाइप फुटणं अशा कारणांनी तुमच्या इमारतीचं आणि सामानाचं नुकसान झालं तर ती भरून देते. कंपाउंडच्या भिंती, फाटक हेही इमारतीत धरलेलं असतं. आर्किटेक्ट, सर्व्हेअर, इंजिनिअर यांची फी क्लेमच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि राडारोडा उचलण्याचा खर्च २ टक्क्यांपर्यंत मिळतो. वकिलाच्या फीचं नाव मूळ पॉलिसीत नाही. उलट वगळलेल्या गोष्टींच्या यादीत क्लेम तयार करण्यासाठी केलेला खर्च स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणजे कंपनीनंच तुमचा क्लेम अडवला आणि तुम्ही वकील लावला, तर ती फी याच पॉलिसीतून मागता येत नाही.

एजंट ज्याबद्दल बोलला असेल तो वेगळा जोड-भाग आहे, सार्वजनिक दायित्वाचा. जुन्या गृहस्थ विम्याच्या पॅकेजमध्येही तो एक विभाग असायचा. तुमच्या घरामुळं बाहेरच्या माणसाला इजा झाली किंवा त्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, आणि कायद्यानं ते भरून देणं तुमच्यावर आलं, तर ती रक्कम कंपनी भरते. त्या दाव्यात तुमचा बचाव करण्याचा खर्चही देते. पण हा खर्च कंपनीच्या आधी घेतलेल्या लेखी संमतीनंच करायचा असतो. आधी वकील ठरवला, फी भरली आणि मग पावती पाठवली, तर ती परत येण्याची शक्यता मोठी.

बाहेरचा माणूस म्हणजे कोण, हेही बघावं लागतं. घरातली माणसं आणि नोकर त्यात धरत नाहीत, नोकरांसाठी वेगळा विभाग असतो. तुम्ही करार करून अंगावर घेतलेली जबाबदारी, जाणूनबुजून केलेलं नुकसान, सरकारी दंड, भाऊबंदकीची वाटणी, भाडेकरूला बाहेर काढण्याचा दावा, यातलं काहीच या भागात बसत नाही.

एक काम मात्र आजच करा. नोटिशीची प्रत आणि भिंत पडल्याची माहिती कंपनीला मेलवर पाठवा. शेजाऱ्यांना ‘आमची चूक झाली, भरून देतो’ असं लेखी किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर कळवू नका. कंपनीला न विचारता कबुली किंवा देणं देऊ नये, अशी अट या भागात असते.

शुक्रवारपेठी

काका, मनापासून आभार. शेड्यूल, म्हणजे रकमांचा तक्ता, बघितलं. सार्वजनिक दायित्वाची ओळ आहे! मर्यादा ५ लाख, एका घटनेसाठीही आणि पूर्ण वर्षासाठीही. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की बचावाचा खर्च या मर्यादेतच धरला जाईल, आणि पहिले १० हजार आम्ही सोसायचे. मेल आत्ताच पाठवला.

साडेतीन लाखांची मागणी आहे आणि मर्यादा ५ लाखांची, म्हणजे आम्ही सुखरूप ना?

गंगावेस ते बावडा

मी कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी वकिली करतो. तुमची नेमकी पॉलिसी मी पाहिलेली नाही, म्हणून हे सर्वसाधारण समजा.

सुखरूप म्हणायची घाई करू नका. खर्च मर्यादेच्या आत धरलेला असेल, तर वकिलाला दिलेला प्रत्येक रुपया शेजाऱ्याच्या भरपाईसाठी राहिलेल्या रकमेतून जातो. ५ लाखांतून साडेतीन लाख बाजूला ठेवले तर दीड लाख उरतात. त्यात वकिलाची फी, भिंत का पडली हे सांगणाऱ्या इंजिनिअरची साक्ष, टायपिंग, नकला हे सगळं बसवायचं. शिवाय दावा चार-सहा वर्षं चालला आणि कोर्टानं व्याज लावलं, तर साडेतीनचे साडेतीन राहत नाहीत. मर्यादेच्या वरची रक्कम वडिलांच्या खिशातून जाईल. काही पॉलिसींत खर्च मर्यादेच्या वर, वेगळा देतात. दोन्ही पॉलिसींच्या तक्त्यात आकडा मात्र सारखाच ५ लाख दिसतो, म्हणून ती बारीक अक्षरातली ओळ फार महत्त्वाची.

माझ्या मते तुमची खरी अडचण बोळाची आहे. नुकसानीचा भाग दायित्वाच्या विम्यात बसतो. बोळ कुणाचा, हा मालकीचा आणि वहिवाटीचा वाद आहे, त्याच्याशी विम्याचा संबंध नाही. शेजाऱ्यानं दोन्ही मागण्या एकाच दाव्यात घातल्या, आणि बहुतेक घालेलच, तर कंपनी म्हणणार की आम्ही फक्त नुकसानीपुरता खर्च देतो. एकाच तारखेला एकच वकील दोन्ही मुद्द्यांवर उभा राहिला तर फीची वाटणी कशी करायची? ही वाटणी आत्ताच, दावा लागायच्या आधी कंपनीकडून लिहून घ्या. मागाहून ठरवायला गेलात की तुमच्या वाट्याला जास्तच येईल.

आणि माझं स्पष्ट मत, बोळासाठी स्वतःचा वकील ठेवाच. कंपनीनं दिलेला वकील रक्कम कमी कशी होईल हे बघणार, ते त्याचं कामच आहे. शेजारी कमी पैशात मिटवायला तयार झाला आणि बदल्यात बोळ सोडा म्हणाला, तर कंपनीला तो सौदा फायद्याचा, तुम्हाला कायमच्या तोट्याचा. बोळासाठी सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड आणि नकाशा काढा, भूमी अभिलेखकडं मोजणीचा अर्ज करा. मालकी तुमची निघाली नाही तरी तुम्ही २० वर्षं उघडपणे, अखंड आणि हक्कानं तिथून ये-जा करत असाल, तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानं वाटेचा हक्क मागता येतो.

समन्स आलं की ३० दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं असतं. कोर्ट मुदत वाढवून देऊ शकतं, पण साधारण ९० दिवसांपर्यंतच. कंपनीच्या संमतीची वाट बघत ही मुदत घालवू नका. उत्तर आलं नाही तर ‘मुदत संपत असल्यानं म्हणणं दाखल करत आहोत’ असं कंपनीला कळवून दाखल करा.

आता एक प्रश्न. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक बांधकामांना महापालिका कायद्याच्या कलम २६४ खाली नोटिसा देते. तशी कधी आली होती का? आली असेल आणि तुम्ही काही केलं नसेल, तर वाजवी काळजी घेतली नाही म्हणून कंपनी हात वर करू शकते.

शुक्रवारपेठी

नाही सर, पालिकेची नोटीस कधीच आली नाही. भिंतीला पोक आल्यावर आम्ही गवंडी बोलावून टेकू लावले होते, त्याचे फोटो आणि पावती आहे.

गंगावेस ते बावडा

उत्तम. ते फोटो मूळ तारखेसह जपून ठेवा. बचावाचा निम्मा भार त्यांच्यावर आहे.

वरुणतीर्थ

एवढं कोर्टाचं कशाला? पेठेतली माणसं आपण, रोज तोंड बघायचं. तालमीतल्या चार जाणत्यांना बसवा, लाख-सव्वा लाख हातात द्या, विषय संपवा.

निवृत्त विमाकर्मी

वरुणतीर्थ भाऊ, मिटवावं हे माझंही म्हणणं आहे, पण असं परस्पर नको. कंपनीला न विचारता लाख दिले तर ते लाख गेलेच, आणि उद्या शेजाऱ्यानं उरलेल्या रकमेसाठी दावा लावला तर अट मोडली म्हणून कंपनी त्यातूनही बाहेर पडेल. बैठक घ्या, आकडा ठरवा, पण सही करण्याआधी तो आकडा कंपनीला कळवून लेखी होकार घ्या. दोन-तीन वर्षं वकिलाची फी देण्यापेक्षा वाजवी तडजोड कंपनीलाही परवडते.

गंगावेस ते बावडा

याला जोड देतो. तडजोड झाली तर ती दावा लागायच्या आधीच लोकअदालतीत नोंदवता येते. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. त्यामुळं बोळाचा मुद्दा त्यात चुकून ओढला जाऊ नये. तडजोडनाम्यात ‘बोळाच्या मालकीबाबत दोन्ही पक्षांचे हक्क अबाधित’ हे वाक्य हवंच.

लेस्टरची लेक

मी राजारामपुरीची, आता इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. इथं घराच्या विम्यावर वर्षाला साधारण २०-३० पौंड जास्त भरले की कायदेशीर खर्चाचं वेगळं कवच मिळतं. त्यात आपण फिर्यादी असलो तरी पैसे मिळू शकतात. शेजाऱ्याचा त्रास, नोकरीतला वाद, सदोष वस्तू, आपल्याला झालेली इजा असे विषय असतात. धागाकर्त्यांचा बिल्डरविरुद्धचा दावा इथं निदान विचारात तरी घेतला गेला असता.

पण इथल्या मर्यादाही कमी नाहीत. मर्यादा सहसा ५० हजार किंवा १ लाख पौंडांची असते आणि हरल्यास समोरच्याच्या वकिलाचा खर्चही त्यातूनच जातो. जिंकण्याची शक्यता ५० टक्क्यांपेक्षा जास्त आहे असं वकिलाचं मत आलं तरच कंपनी पुढं जाते. ते मत मधेच बदललं तर खर्च थांबतो. मिळणाऱ्या रकमेपेक्षा खर्च जास्त दिसला तरी नकार येतो. वाद पॉलिसी घेण्याआधी सुरू झालेला असला तर काहीच मिळत नाही. घटस्फोट आणि बांधकाम परवानगीचे वाद बहुतेक ठिकाणी वगळलेले असतात.

वकील कोण हाही प्रश्न असतो. सुरुवातीला कंपनीच्या यादीतलाच घ्यावा लागतो. अशा विम्यासाठीच्या १९९० च्या नियमांनी कोर्टाची कारवाई सुरू झाल्यावर आपला वकील निवडायचा हक्क दिलाय, पण कंपनी तिच्या ठरलेल्या दरानंच फी देते, वरचा फरक आपण भरायचा. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाचं कुंपणाचं प्रकरण याच फरकामुळं अर्ध्यावर थांबलं. त्यांचं दुःख मी जवळून पाहिलंय, म्हणून सांगते, मोठा आकडा बघून निर्धास्त होऊ नका.

भारतात असं कवच का नाही, हे मला खरंच समजून घ्यायचंय.

गंगावेस ते बावडा

ताई, छान माहिती दिलीत. एक कारण मला दिसतं ते असं. इंग्लंडमध्ये छोटे दावे सोडले तर हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याचा वकिली खर्च द्यायचा, हा सर्वसाधारण नियम. त्यामुळं हरण्याची भीती मोठी आणि त्या भीतीवर विमा विकला जातो. आपल्याकडं कोर्ट ‘खर्चासह’ हुकूम देतं, पण तो खर्च प्रत्यक्ष फीच्या मानानं किरकोळ असतो. इथं माणूस खचतो तो तारखांनी.

अपिलांचंही लक्षात घ्या. खालच्या कोर्टापुरती दिलेली संमती अपिलाला लागू होईलच असं नाही, प्रत्येक टप्प्यावर नव्यानं मागा. उच्च न्यायालयापर्यंत जायची वेळ आली तर आता मुंबईला जावं लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू आहे, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासह. आपल्या भागातल्या पक्षकाराचा प्रवास, मुक्काम, मुंबईच्या वकिलाची फी यातला केवढा तरी भार कमी झाला, आणि हा खर्च कुठल्याच विम्यानं कधी दिला नव्हता.

शुक्रवारपेठी

बिल्डरविरुद्ध आम्हालाच सगळा खर्च करावा लागणार, असंच ना मग?

निवृत्त विमाकर्मी

दायित्वाच्या भागातून नाही मिळणार. तो फक्त तुमच्यावर दावा झाला तर चालतो, तुम्ही केलेल्या दाव्याला नाही.

पण एक वाट आहे. तुमच्या स्वतःच्या भिंतीचा क्लेम मूळ पॉलिसीत केलात का? कंपनीनं तो दिला तर त्या रकमेपुरती ती तुमच्या जागी उभी राहते आणि बिल्डरकडून वसुलीचा दावा लावू शकते, तोही स्वतःच्या खर्चानं. तुम्ही फक्त कागद आणि साक्ष देऊन सहकार्य करायचं. आणि हो, मधल्या काळात बिल्डरला ‘आमची काही तक्रार नाही’ असं लिहून देऊ नका, नाहीतर कंपनीचा वसुलीचा हक्क जाईल आणि तुमचा क्लेमही अडकेल.

यात एक मोठी खाच आहे. जमीन खचून झालेलं नुकसान पॉलिसीत आहे, पण ते खोदाई, पाडकाम किंवा बांधकामामुळं झालं असेल तर वगळलेलं आहे. म्हणजे बिल्डरविरुद्ध तुम्ही जे कारण ठामपणे मांडणार, त्याच कारणानं तुमचा भिंतीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. म्हणून अंदाजानं कारण लिहू नका. क्लेम फॉर्मवर ‘अमुक तारखेच्या पावसात भिंत कोसळली, शेजारच्या प्लॉटवर खोदाई चालू आहे’ एवढीच वस्तुस्थिती लिहा. कारण इंजिनिअरला ठरवू द्या, आणि तो अहवाल सगळीकडं एकच वापरा. खोटं लिहायला मी कुणालाच सांगणार नाही, पण माहीत नसलेलं ठामपणे लिहायचीही गरज नाही.

रमणमळा

मी २०१९ आणि २०२१, दोन्ही महापुरांत घर पाण्यात गेलेली बाई आहे. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला आलं की आम्ही सामान माळ्यावर चढवायला लागतो, ४३ ची धोका पातळी गाठेपर्यंत थांबत नाही. आमचा क्लेम अर्धाच मंजूर झाला होता, तेव्हा वकिलाशिवाय लढायच्या वाटा शिकले. त्या इथं देते, कारण फार जणांना त्या माहीत नाहीत आणि हकनाक खर्च होतो.

आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहायचं. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. आपल्याला पुण्याचं कार्यालय. तिथं फी नाही, वकील लागत नाही आणि चालतही नाही, आपण स्वतः बोलायचं. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं ते घेतात. नकार आल्यापासून वर्षाच्या आत जायला हवं. आम्ही पाण्याच्या खुणांचे फोटो आणि पंचनामा घेऊन गेलो, नीट ऐकून घेतलं.

ग्राहक आयोगाची दुसरी वाट आहे, दोन वर्षांच्या आत. तिथं फी ठरते ती तुम्ही भरलेल्या हप्त्यावर, मागितलेल्या भरपाईवर नाही. हप्ता ५ लाखांच्या आत असेल तर फी शून्य, म्हणजे घराच्या विम्याला बहुतेक कधीच फी नाही.

तिसरं, मोफत कायदेशीर मदत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि पूर, भूकंप अशा आपत्तीत सापडलेल्यांना सरकारी खर्चानं वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज द्यायचा. पूरग्रस्त म्हणून हा हक्क आहे हे आमच्या गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं, मला याची अजून हळहळ वाटते. शिवाय महाराष्ट्रात १९९४ पासून मालमत्तेच्या वादात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे.

गंगावेस ते बावडा

रमणमळा ताईंचं सगळं बरोबर आहे. फक्त धागाकर्त्यांसाठी सांगतो, पावसात भिंत पडली एवढ्यानं तुम्ही आपोआप पूरग्रस्तांत बसत नाही. पण घराला आईंचंही नाव लागलेलं असेल तर सांगा, स्त्री म्हणून त्यांना ही मदत मागता येईल.

नागाळापार्क सोसायटी

थोडं विषयांतर, माफ करा. आमच्या इमारतीत वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून खाली गळती आहे, खालचे सभासद सोसायटीवर दावा करणार म्हणतात. सोसायटीच्या विम्यात खर्च मिळेल का?

निवृत्त विमाकर्मी

सोसायटीनं दायित्वाचा भाग घेतला असेल तर तिथंही हेच सगळं लागू. पण हळूहळू झिरपणारी गळती देखभालीत मोडते, म्हणून बहुतेक नकार येतो. सभासद आणि सोसायटीतला वाद सहकार न्यायालयात जातो, त्याचा खर्च सोसायटीचाच धरा. आधी प्लंबरचा लेखी अहवाल घ्या. सविस्तर विचारायचं असेल तर वेगळा धागा काढा.

शुक्रवारपेठी

सगळ्यांचे आभार, कुणाकुणाचं नाव घेऊ. कंपनीचा क्लेम नंबर आला, नुकसान बघायला त्यांचे सर्व्हेअर परवा येतायत. घराला आजोबांच्या वारसांत आत्याचंही नाव आहे हे प्रॉपर्टी कार्ड काढल्यावर कळलं. शेजारच्या काकांशी वडील स्वतः बोलले. आकडा कमी करायला ते तयार दिसतात, पण बोळावर अडून आहेत. वडिलांना काल रात्री शांत झोप लागली.

गंगावेस ते बावडा

आत्यांचं नाव असेल तर बोळाच्या वादात त्याही पक्षकार होतील, त्यांना आत्ताच सगळं सांगा. आणि सर्व्हेअर येईपर्यंत पडलेले दगड हलवू नका. शेजाऱ्यांना शेड मोकळी करायची घाई असेल तर आधी सगळ्या बाजूंनी व्हिडिओ करा, खोदाईच्या खड्ड्यासकट.

निवृत्त विमाकर्मी

आणि विमा घेतला तेव्हा आत्यांचा हिस्सा कंपनीला कळवला होता का, ते बघा. पॉलिसी फक्त वडिलांच्या नावावर असेल तर सर्व्हेअर तो प्रश्न पहिल्यांदा विचारेल. उत्तर तोंडी देऊ नका, प्रॉपर्टी कार्डाची प्रत जोडून मेलवर द्या.